कोंबड्यांच्या पाण्यातले औषध

कोलिस्टिन हे औषध जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांच्यासाठी बनविण्यास व विकण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये मनाई केली. निर्णय योग्यच होता; उशिरा झाला, एवढेच. तोंडावाटे दिलेले हे औषध रक्तात फारसे उतरत नाही, आतड्यातच राहून तेथील जंतूंचा नायनाट करते. म्हणून पिलांच्या हगवणीवर ते सोयीचे ठरले. परंतु इस्पितळातील अत्यवस्थ रुग्णाला, इतर उपाय थकल्यावर, हेच औषध टोचावे लागते. त्याला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज सरकतो, हे चिनी संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये दाखवून दिले. तो जनुक त्यांना डुकरांत, बाजारातील मांसात आणि रुग्णांतही सापडला होता.

एका औषधावर बंदी आली. तथापि औषध पाजण्याची रीत तीच राहिली. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये पाच-पंचवीस कोंबड्यांनी माना टाकल्या की औषध सर्वांच्याच पाण्यात मिसळले जाते. एकेकीला वेगळे पाजणे अशक्य, हे आम्हांला मान्य आहे. पण आजारी पक्षी पाणी कमी पितो. म्हणजे ज्याला औषध हवे त्याला ते अपुरे मिळते आणि ज्याला नको तो पोटभर पितो! अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, सरावतात. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात नेमका हाच इशारा दिला होता.

गाईम्हशींची गोष्ट निराळी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात असंख्य उपकारक जंतू नांदतात. गवत-पेंढा पचतो तो त्यांच्यामुळे. मोठ्या जनावराला अशी औषधे तोंडाने दिली तर पहिला घाव त्यांच्यावरच पडतो आणि जनावर चारा सोडते. लहान वासराचे कोठीपोट सुरू झालेले नसते, म्हणून त्याला गोळी चालते. हा विवेक दुकानदाराने करावा, अशी अपेक्षा कशी धरणार? आणि हगवण लागलेल्या वासराला पुष्कळदा औषधाआधी क्षार-साखरेचे पाणी हवे असते, हे सांगायला तरी पशुवैद्य गोठ्यापर्यंत पोचला पाहिजे.

घरात एखाद्या दिवशी विरजण लागत नाही, तेव्हा दोष थंडीला दिला जातो. क्वचित तो दुधात उतरलेल्या औषधाचाही असतो. दही लावणारे जंतूही त्यानेच मरतात. गोव्यात येणाऱ्या कोंबड्यांचा मोठा भाग घाटावरचा, आणि नाक्यावर गाडीचे कागद पाहून कोंबडीच्या पोटातले औषध कळत नाही. त्यासाठी नमुने प्रयोगशाळेतच गेले पाहिजेत.

औषध दिल्यावर ठराविक दिवस दूध विकू नये, असा दंडक आहे. मात्र दोन गाईंवर संसार चालविणाऱ्याने ते ओतून द्यायचे, तर त्या दिवसांची भरपाई कोणी करायची? शासन आणि दूध संस्था यांनी मिळून यासाठी निधी उभारावा, अशी आमची सूचना आहे. एरवी ते दूध केंद्रावर जाणारच आणि विचारणाऱ्याला गाय ठणठणीत आहे, असेच उत्तर मिळणार.