हलाखा
ज्यूंचे धार्मिक विधिनियम व त्यांवर आधारलेले आचारशास्त्र. ‘चालणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूपासून हा शब्द आला असून ‘चालण्याची रीत’ असा त्याचा भावार्थ आहे. तोरामध्ये, म्हणजे मोझेसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच ग्रंथांत, परंपरेने ६१३ आज्ञा मोजल्या जातात. त्यांवरील मौखिक विवेचन इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना या ग्रंथात संकलित झाले व मिश्नावरील चर्चेतून ⇨ तालमूद सिद्ध झाले. मायमॉनिडीझचा मिश्ने तोरा (बारावे शतक) व जोसेफ कारो याचा शुल्हान आरूख (मुद्रण १५६५) या पुढील काळातील प्रमुख संहिता होत. उपासना व आहार यांप्रमाणेच बाजारातील भाव, सापडलेली वस्तू, मजुराची मजुरी, शेजाऱ्याविषयीचे बोलणे हेही हलाखाचे विषय आहेत. नीती केवळ सद्भावनेवर न सोपविता तिचा तपशीलवार निवाडा करावयाचा, हा या शास्त्राचा विशेष होय.

सापडलेल्या वस्तूचे प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. विखुरलेली नाणी ज्याला सापडतील त्याची. कारण मालकाने ती परत मिळण्याची आशा सोडली असे मानले जाते. ओळखीची खूण असलेली वस्तू मात्र जाहीर करून मालकाच्या स्वाधीन करावी लागते. तोपर्यंत ती नुसती ठेवून भागत नाही. पोथी असल्यास तीस दिवसांतून एकदा ती उघडून वाचावी, वस्त्र असल्यास तितक्याच अवधीत एकदा झटकावे, असे मिश्ना सांगते. परंतु त्या पोथीवरून नव्याने अध्ययन करण्यास मनाई आहे, कारण तशा हाताळणीने ती झिजते.

खरेदीविक्रीत बाजारभावाहून एक षष्ठांशापेक्षा कमी फरक असल्यास व्यवहार कायम राहतो. बरोबर एक षष्ठांश असल्यास व्यवहार टिकतो, पण जादा रक्कम परत करावी लागते. त्याहून अधिक असल्यास व्यवहार रद्द करता येतो. हा नियम जंगम मालापुरता असून जमिनीस लागू नाही. फसवणूक पैशाचीच असते असे मात्र नाही. विकत घेण्याचा विचार नसताना दुकानदाराला भाव विचारणे किंवा पश्चात्ताप पावलेल्या माणसाला त्याच्या पूर्वीच्या वर्तनाची आठवण देणे, ही ‘शब्दांनी केलेली पिळवणूक’ ठरते. पाहुणा जेवायला येणार नाही हे पक्के ठाऊक असताना त्याला आग्रहाने बोलावणे ही तर ‘मनाची चोरी’ होय. कारण न केलेल्या उपकाराचे ऋण त्याच्या मनावर लादले जाते. चारचौघांत एखाद्याला लज्जित करणे तालमूदने रक्तपातासमान मानले आहे. निंदा खरी असली, तरी ती निषिद्धच. इझ्राएल मेईर कागान यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हाफेत्स हायिम या ग्रंथात या विषयाची सविस्तर मांडणी केली. मात्र विवाह किंवा भागीदारी यांत कोणाचे नुकसान टाळण्यासाठी सत्य सांगणे आवश्यक असल्यास, अतिशयोक्ती न करता व द्वेषबुद्धी न ठेवता ते सांगावे, अशी मुभा त्यात आहे.

जीवरक्षणापुढे जवळजवळ सर्व आज्ञा मागे पडतात. रुग्णाच्या जिवाला धोका असल्यास शब्बाथचा भंग करणे केवळ क्षम्य नव्हे, तर कर्तव्य आहे. याला अपवाद मूर्तिपूजा, व्यभिचारादी निषिद्ध संबंध आणि नरहत्या या तिन्हींचा. स्वतःचा जीव वाचविण्यासाठी निरपराध माणसाला मारता येत नाही. वाळवंटात दोघे प्रवासी असून एकाजवळच पाणी आहे, तेही एकालाच पुरेल इतके, अशी परिस्थिती तालमूदमध्ये चर्चिलेली आहे. दोघांनी पाणी वाटून घ्यावे व एकाने दुसऱ्याचे मरण पाहू नये, असे बेन पेतुरा म्हणतो. ज्याच्या हाती पाणी आहे त्याचा जीव प्रथम, असे अकिबाचे मत. नंतरच्या पंडितांचा कल अकिबाकडे दिसतो, पण पहिले मत ग्रंथातून वगळलेले नाही.

नियमाचे अक्षर पाळूनही माणूस अन्यायी ठरू शकतो, याची जाणीव या परंपरेत आहे. ‘कायद्याच्या रेषेच्या आत’ राहणे, म्हणजे स्वतःचा हक्क असूनही तो सोडणे, ही कल्पना तीतून आली. एका पंडिताचा मद्याचा घडा हमालांनी फोडला. भरपाई म्हणून त्याने त्यांची वस्त्रे ठेवून घेतली. ती परत करण्यास राव या आचार्याने सांगितले. दिवसभर राबून आपण उपाशी आहोत, असे हमालांनी म्हणताच मजुरीही देण्यास त्याने सांगितले. हाच कायदा काय, या प्रश्नावर त्याने दोन्ही वेळा होकार दिला व आधारासाठी बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाचा दाखला दिला.

नव्या प्रसंगी रब्बीला प्रश्न विचारून लेखी निर्णय मिळविण्याची प्रथा मध्ययुगापासून चालत आली असून वीज, अवयवरोपण अशा विषयांवरही असे निर्णय दिले गेले. प्रत्येक निर्णय संबंधितांना न्याय्य वाटलाच असे नाही. महाराष्ट्रातील कोकणात पूर्वी ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इझ्राएल समाजाला याचा अनुभव आला. इझ्राएलमध्ये स्थलांतर केलेल्या या समाजातील पूर्वीचे विवाह व घटस्फोट हलाखाप्रमाणे झाले होते की नाही, अशी शंका काढण्यात आली, आणि १९६२ मध्ये तेथील प्रमुख रब्बींच्या मंडळाने विवाहेच्छूंच्या मातृकुळाची चौकशी करण्याच्या सूचना दिल्या. समाजाने निदर्शने केली. संसदेतही हा प्रश्न चर्चिला गेला. अखेर १९६४ मध्ये त्या सूचनांतून बेने इझ्राएल हा नामनिर्देश काढून टाकण्यात आला.