तपकिरी रंग काय सांगतो

मानकोली नाक्यावरून दापोड्याकडे वळलं की दोन्ही हातांना गोदामंच गोदामं. तिथल्या प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असते. आत काय आहे आणि माल कुठून आला, हे त्या चिठ्ठीवरून कळतं. रस्त्यात काय होईल, माल वेळेवर पोहोचेल का, हे मात्र ती सांगू शकत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. त्यात 'पी-16 पॉझिटिव्ह' असं दिसलं की घर हादरतं. त्या शब्दांचा नेमका अर्थ काय, ते पायरीपायरीने पाहू.

डॉक्टरांनी काढलेला तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत लॅबमध्ये जातो. तिथे त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. हाच 'ब्लॉक'. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा. काप कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घेतात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात. कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

प्रथिनांची तपासणी ही त्यापुढची पायरी. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी कापावर सोडतात. तिला चिकटणारं दुसरं द्रव्य घालतात आणि शेवटी रंग धरणारं रसायन. प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, बाकीच्या पेशींची केंद्रकं निळी राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली पी-16 पॉझिटिव्ह काप पाहिला, तर निळ्या पेशींच्या शेजारी तपकिरी रंगाचा सलग पट्टा दिसतो. सुट्या तपकिरी ठिपक्यांना पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. रंग सलग आणि गडद असावा लागतो.

हे पी-16 प्रथिन येतं कुठून? हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं. विषाणूची ई-6 आणि ई-7 ही दोन प्रथिनं पेशीचे ब्रेक निकामी करतात. ई-6 मुळे पी-53 हे प्रथिन नष्ट होतं, तर ई-7 आरबी नावाच्या प्रथिनाला जखडून ठेवतं. पेशी बेभान वाढू लागते. तिला आवरण्यासाठी पी-16 भराभर तयार होतं, पण ज्या आरबीमार्फत ते ब्रेक लावणार तेच निकामी झालेलं असतं. म्हणून पी-16 नुसतं साचत जातं. तपकिरी पट्टा ही विषाणूच्या कामाची खूण आहे.

म्हणूनच इथे 'पॉझिटिव्ह' शब्दाला घाबरू नये. 2020 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या कॅन्सरचे एचपीव्हीमुळे झालेला आणि एचपीव्हीशिवाय झालेला असे दोन गट केले आहेत. दुसरा गट लहान आहे, पण सहसा जास्त हट्टी. पी-16 पॉझिटिव्ह रुग्ण बहुधा पहिल्या गटात येतात, आणि त्या गटाला उपचार साधारणपणे अधिक चांगला लागू पडतो.

दुसरी खूण रक्तातली, एससीसी अँटिजेन. 1977 मध्ये जपानी संशोधकांनी ती याच कॅन्सरच्या गाठीतून शोधली. या कॅन्सरच्या स्क्वॅमस नावाच्या प्रकारात गाठ जितकी मोठी आणि पसरलेली, तितका हा आकडा सहसा चढा. उपचारानंतर उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर त्रास जाणवण्याआधीच डॉक्टर सावध होतात. मात्र सोरायसिससारखा त्वचेचा आजार किंवा मूत्रपिंडाचा बिघाड असला तरी तो वाढतो. म्हणून एकाच आकड्यावर निष्कर्ष काढत नाहीत, पुन्हा तपासतात आणि स्कॅनशी ताडून पाहतात.

तिसरी खूण पीडी-एल-1. या प्रथिनाच्या आडोशाने गाठ शरीराच्या संरक्षक पेशींना थोपवते. शंभर जिवंत कॅन्सर पेशींमागे हा रंग धरलेल्या कॅन्सर पेशी सहा आणि संरक्षक पेशी चार असतील, तर गुण दहा. आजार दूर पसरला असेल किंवा परतला असेल, तेव्हा पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध द्यावं का, हे ठरवताना हा गुण पाहतात.

या खुणा उपयोगी आहेत, पण पुढची वाट ठरवण्यात सगळ्यांत जड पारडं आजही टप्प्याचं आणि पूर्ण उपचाराचं. आजार लवकर पकडण्याचा फायदा पाहा: बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी दिसले. पूर्ण उपचाराबाबत परळच्या टाटा रुग्णालयाने 850 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये छापून आला. तिसऱ्या टप्प्याच्या आजारात नुसत्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, पाच वर्षांनंतर 46 टक्के स्त्रिया जिवंत होत्या, शेकासोबत सिस्प्लॅटिन हे औषध दिल्यावर 54 टक्के.

हा शेक सोमवार ते शुक्रवार, साधारण पाच आठवडे चालतो. मग आतून शेक देतात. सगळं मिळून आठ आठवड्यांत, म्हणजे 56 दिवसांत संपलं पाहिजे. त्यापुढे लांबलं की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. रोजंदारीवर पॅकिंगला जाणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिसऱ्या आठवड्यात थकवा आणि जुलाब सुरू झाले की 'आता पुरे' असं घरात बोललं जातं. तेव्हाच घरच्यांनी तिला धरून ठेवायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. पहिल्याच दिवशी त्याची चौकशी करावी.

रुग्णालय बदलताना रिपोर्टसोबत लॅबमधून ब्लॉक आणि काचाही मागून घ्या. नवी तपासणी त्याच मेणातून होते, पुन्हा तुकडा काढणं बरेचदा टळतं. डॉक्टरांना विचारा: टप्पा कोणता, लसिकागाठींमध्ये पसरलाय का, आणि या खुणेमुळे उपचारात काही बदलणार आहे का? मग घरच्या कॅलेंडरवर पहिल्या शेकापासून 56 वा दिवस लाल पेनाने खूण करून ठेवा. त्या दिवसापर्यंत तिची घागर, तिची चूल आणि तिच्या कामाची पाळी बाकीच्यांनी वाटून घ्यायची.