घरकोळ्यांचं गणगोत

फ्लोरिडातल्या आमच्या गॅरेजमध्ये राहणारा लांब तंगड्यांचा कोळी मूळचा आपल्याकडचाच असावा, हे सांगितल्यावरही सासूबाईंनी उगारलेला झाडू खाली घेतला नाही. "मग काय, त्याला चहा टाकू?" एवढंच म्हणाल्या.

या कोळ्याचं शास्त्रीय नाव क्रॉसोप्रायझा लायोनी. जॉन ब्लॅकवॉल या इंग्रज अभ्यासकाने १८६७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन लिहिलं, तेही भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. अमेरिकेत तो फार उशिरा अभ्यासकांच्या नजरेस आला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने त्याच्या अमेरिका खंडातल्या पसाऱ्यावर एक निबंध छापला. लेखकांत बर्नहार्ट ह्यूबर होते. पुढे जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात बसून त्यांनी या कोळ्यांचं अख्खं कूळ नव्याने मांडलं.

त्याला ओळखायला टॉर्च पुरतो. अंग जेमतेम सहा-सात मिलिमीटर, पण पाय त्याच्या कितीतरी पट. पोट मागच्या बाजूला वर चढत जातं आणि एका बोथट टोकाशी संपतं. बाजूने पाहिलं की हे टोक लगेच दिसतं. पायांवर बारीक काळपट ठिपके असतात. जाळ्याला बोट लावा, तो उलटा लटकल्या लटकल्या असा गरगरतो की नुसती धूसर रेघ उरते. मादीची तर कमालच. अंडी दोन-चार धाग्यांत गुंडाळून ती पुरचुंडी जबड्यात धरून हिंडते. धागे इतके विरळ की आतली अंडी मोजता येतील. हे एकदा दाखवल्यावर मात्र सासूबाई झाडू भिंतीला टेकवून बराच वेळ बघत राहिल्या.

हा कोळी जगात सर्वांत विषारी, फक्त दात आखूड म्हणून आपण वाचतो, असं इथे शेजारीपाजारी छातीठोकपणे सांगतात. २००४ मध्ये 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमात ॲडम सॅव्हेजने त्याच्या कुळातल्या एका कोळ्याकडून हातावर चावून घेतलं. थोडी चुरचुर झाली, संपलं.

या कुळाचं नाव फोल्सिडी. सुमारे दोन हजार जाती. सगळे दिसायला सारखेच: काडीसारखे, पिवळट, कंटाळवाणे. मग जाती वेगळ्या करायच्या कशा? रंग आणि आकार यांवर फारसा भरवसा नाही. नराच्या तोंडाशेजारी दोन आखूड अवयव असतात, त्यांनी तो मादीकडे वीर्य पोचवतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरचे आकडे, पाती, काटे जातीगणिक निराळे दिसतात. वर्गीकरणाचा बहुतेक डोलारा यावर उभा होता. अलीकडे डीएनएची जोड मिळाली. आज या कुळाच्या पाच शाखा मानतात आणि प्रत्येकीचा नकाशा बऱ्यापैकी ठरलेला आहे. आमचा गॅरेजवाला स्मेरिंगोपिनी शाखेतला, म्हणजे आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ आणि पश्चिम-दक्षिण आशिया इकडचा. मॉडिसिमिनी शाखा मूळची फक्त अमेरिका खंडांतली. उरलेल्या तीन आर्टेमिनी, निनेटिनी आणि फोल्सिनी.

पण हा नकाशा रानातल्या जातींपुरता. घरात घुसलेल्यांनी त्याचा पार विचका केला आहे. मूठभर जाती जहाजांतून, खोक्यांतून, फर्निचरच्या फटींतून जगभर गेल्या. उत्तरेकडच्या राज्यांतल्या तळघरांत दिसतो तो फोल्कस फॅलँजिऑइडीस, याचं वर्णन १७७५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेलं. हवाईच्या घरांत मूळचा आफ्रिकेतला स्मेरिंगोपस पॅलिडस आहे, आणि मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा फायसोसायक्लस ग्लोबोससही आहे. होनोलुलूच्या न्हाणीघरातला कोळी पाहून हवाईबद्दल काही कळत नाही, बंदराबद्दल कळतं.

बेटांवरचे खरे रहिवासी पाहायचे तर पोर्तो रिकोला जावं. अमेरिकेचाच प्रदेश, ओरलँडोहून विमानाने अडीच-तीन तास. पासपोर्टही लागत नाही. एल युंके या पावसाळी अरण्यात माझे यजमान धबधब्याचे फोटो काढत होते आणि मी झाडांच्या फळ्यांसारख्या मुळांमध्ये डोकं घालून बसले होते. तिथे मॉडिसिमस राहतो. त्याचं जाळं घुमटासारखं. धुक्याचे थेंब लागले की उपड्या ठेवलेल्या काचेच्या वाटीसारखं चमकतं. कोळी आतून छताला लटकलेला. तो सापडायला बराच वेळ लागतो, कारण त्याच्या आरपार पानं दिसतात की काय असं वाटावं इतका तो किरकोळ.

येल विद्यापीठातले अलेक्झांडर पेट्रुंकेविच हे जन्माने रशियन. त्यांनी १९२९ मध्ये पोर्तो रिकोच्या कोळ्यांवर मोठा ग्रंथ छापायला घेतला आणि त्यात मॉडिसिमसच्या नव्या जाती नोंदवल्या. एकीला नाव दिलं मॉन्टॅनस, म्हणजे डोंगरातली. दुसरीला कॅव्हॅटिकस, म्हणजे गुहेतली. या वंशातली एक जात, क्युलिसिनस, माणसाच्या मागे लागून जगभर पसरली. बाकीच्या बहुतेक जातींचा मुलूख भलताच छोटा असतो. एका बेटाची जात शेजारच्या बेटावर नसते. कित्येकदा एका डोंगराची जात पलीकडच्या डोंगरावरही सापडत नाही. हे कोळी धाग्यावर तरंगत दूरवर जाण्यात फारसे पटाईत नाहीत, आणि कोरडी दरी ओलांडणं दमट रानात वाढलेल्या जिवाला जमत नाही. लाखो वर्षं तसंच चाललं की प्रत्येक डोंगराचा कोळी वेगळा होतो.

शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावर मॉडिसिमसच्या जाती आणखी पुष्कळ आहेत. त्या बेटाच्या पश्चिम भागातल्या हैतीत कोळशासाठी आणि शेतीसाठी इतकी झाडं तोडली गेली की मूळ जंगलाचे तुकडेच शिल्लक आहेत, तेही मुख्यतः उंच डोंगरांवर. ह्यूबर आणि त्यांचे सहकारी त्याच तुकड्यांत शिरले. तिथे गोळा केलेल्यांत आधी कुणीच न नोंदवलेल्या जाती निघाल्या. खालच्या उघड्या टेकड्यांवरही अशा जाती असतील तर त्या कधीच गेल्या, बिननावाच्या. त्याच हैतीच्या घरांच्या आढ्यांना फायसोसायक्लस मात्र मजेत लटकत असतो.