दूरस्थ सत्रातील एकच आज्ञावली : दिसणे आणि बंद असणे

विंडोज सर्व्हर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिमोटअॅप’ ही सुविधा आणली. तीत आज्ञावली सर्व्हरवरच चालते. वापरकर्त्याच्या पडद्यावर केवळ तिची खिडकी उमटते. महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुन्या संगणकांना ही व्यवस्था सोयीची आहे. मात्र डेस्कटॉप दिसत नाही म्हणजे तो बंद झाला, हा समज घातक होय. ‘ओपन’ वा ‘सेव्ह’च्या चौकटीतून सर्व्हरच्या डिस्कपर्यंत पोहोचता येते, तेथूनच दुसरी आज्ञावलीही सुरू करता येते. परीक्षा विभागाच्या फाइली त्याच सर्व्हरवर असतील, तर हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. म्हणून फोल्डरनिहाय अधिकार मर्यादित करावेत आणि २००९ च्या आर२ आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या ‘अॅपलॉकर’मध्ये अनुमत आज्ञावलींची यादी ठरवावी. त्यातील मूळ नियम विंडोज फोल्डरमधील सर्वच आज्ञावलींना मुभा देतात. ते तसेच ठेवून भागत नाही.