पावसाळ्यात घोड्याची टाप सडू नये म्हणून

मृग लागला की आपल्या बोरगावच्या शिवारातली काळी माती चपलेला सोडत नाही. माणूस घरी येतो, पाय धुतो, फडक्याने पुसतो. दावणीचा घोडा मात्र रात्रंदिवस त्याच ओलीत उभा असतो. मृग, आर्द्रा, मग तरणा आणि म्हातारा अशी नक्षत्रे सरेपर्यंत दोन महिने होतात. एवढ्या काळात टापेचा तळ वाळायला सवडच मिळत नाही, आणि तिथेच टाप सडण्याचा आजार घर करतो.

घोडे आता राहिलेत कुठे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या सीमाभागात घोडागाडीच्या शर्यती आहेत, वरातीचे घोडे आहेत, मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगर बांधवांची ओझ्याची तट्टे आहेत. चिकोडी तालुक्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून माउलींचे अश्व दर वर्षी आळंदीला निघतात. 1832 पासूनची ही परंपरा. सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालून ते आळंदीला पोहोचतात आणि पुढे पालखीबरोबर पंढरपूर गाठतात. सगळी वाट ऐन पावसाच्या तोंडावरची. घोडा चालतो तो टापेवर, म्हणून टाप राखणे ही आपल्याकडे आजही कामाची गोष्ट आहे.

आम्ही पशुवैद्य नव्हे. बी. कॉम. होऊन बँकेत आयुष्य काढलेले माणूस. तरी हा विषय घेण्यामागे एक जुनी बोच आहे. 1980 नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात बँका टांगा-घोड्यासाठीही कर्ज देत. आम्ही नोकरीत नवे होतो. एका टांगेवाल्याचे हप्ते श्रावणात थांबले, म्हणून तपासणीला गेलो. त्याने घोडा दाखवला. म्हणाला, "साहेब, लंगडतंय जनावर, धंदा कसा करू?" जवळ गेल्यावर कुजका वास आला. आम्ही नाकाला रुमाल लावला, वहीत 'घोडा आजारी' एवढे लिहिले आणि शाखेत येऊन नोटीस काढली. दिवाळीच्या आत त्याने घोडा मिळेल त्या किमतीला विकून टाकला. घोडा गेला, धंदा गेला, कर्ज तेवढे राहिले. तो वास कशाचा होता, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी एका पशुवैद्य स्नेह्यांकडून कळले. रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या कामाने टळणारी गोष्ट होती ती.

आजार नेमका कुठे होतो?

घोड्याचा पाय उचलून तळ पाहिला तर मधोमध, टाचेकडून पुढे निमुळता होत गेलेला एक त्रिकोणी भाग दिसतो. तो रबरासारखा लवचीक असतो. सोयीसाठी आपण त्याला 'गादी' म्हणू. घोडा पाय टेकतो तेव्हा ही गादी धक्का झेलते, आणि दर पावलाच्या दाबाने टापेतले रक्त वर ढकलले जायला मदत होते. गादीच्या दोन्ही बाजूंना एकेक खाच असते आणि मध्ये एक उथळ घळ.

या खाचांत लीद, मूत आणि चिखल गच्च भरून राहिला की आत हवा पोहोचत नाही. फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जंतू अशाच हवाबंद, ओल्या जागी वाढतो. तो शेणा-लिदेत आणि मातीत असतोच, त्याला बाहेरून आणावा लागत नाही. सततच्या ओलीने आणि मुताच्या खारामुळे गादीचे शिंगासारखे आवरण मऊ पडते, मग जंतू ते कुजवत आत सरकतात.

म्हणजे दोष एकट्या पावसाचा नाही. कोरड्या दिवसांतही घाण तबेल्यात हा आजार होतो. टापा जास्त वाढल्या, टाचा आवळल्या आणि खाचा खोल झाल्या तरी होतो. पाऊस आहे म्हणून घोडा दिवसचे दिवस बांधून ठेवला, तर चालताना आपोआप होणारी टापेची सफाई थांबते आणि आजाराला आणखी वाव मिळतो.

कसा ओळखावा?

पहिली खूण वास. एकदा घेतला की विसरत नाही. दुसरी खूण, खाचेतून निघणारा काळा, डांबरासारखा चिकट स्राव. तिसरी, गादी मऊ, फाटकी, पोखरल्यासारखी दिसणे. सुरुवातीला घोडा मुळीच लंगडत नाही, आणि म्हणूनच फसगत होते. तो लंगडू लागला किंवा खाचेला हात लावताच पाय ओढू लागला, तर कूज आतल्या जिवंत भागापर्यंत गेली असे समजावे.

लंगडण्याची कारणे इतरही असतात. तळव्यात पू होतो, खिळा रुततो, टापेच्या आत दाह होतो. टाप गरम लागत असेल, पाय सुजला असेल किंवा घोडा अंग मागे टाकून उभा राहत असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे.

झाल्यावर काय करावे?

1. घोडा कोरड्या जागी हलवावा. तो चिखलातच उभा राहणार असेल तर कोणतेही औषध लागू पडत नाही.

2. बोथट आकड्याने टाप साफ करावी. आकडा टाचेकडून पुढे चालवावा, खाचेत खोल टोचू नये. नंतर कडक ब्रशने घासावे.

3. कुजलेला, सुटलेला भाग जाणत्या नालबंदाकडून किंवा डॉक्टरांकडून कापून घ्यावा. हवा आत गेली की जंतूंचे बळ सरते. घरच्या विळ्या-चाकूने हा उद्योग करू नये. रक्त आले तर नवी जखम होते.

4. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून धुवावे आणि स्वच्छ फडक्याने टिपून पूर्ण कोरडे करावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ओल्या टापेवर लावलेले औषध टिकत नाही.

5. डॉक्टर सांगतील ते औषध खाचेत लावावे. खाच खोल असेल तर औषधात भिजवलेला कापूस हलका भरून तो रोज बदलावा. मोरचूद पूर्वापार वापरात आहे, पण ते दाहक आहे. लाल, उघड्या मांसाला ते लागू देऊ नये आणि हाताळताना हातमोजे घालावेत.

जळके ऑइल, डिझेल, फॉर्मेलिन ओतण्याची सवय काही ठिकाणी दिसते. त्याने जिवंत भाग भाजतो आणि बरे व्हायला उलट वेळ लागतो. ते टाळावे.

लवकर लक्षात आले तर एक-दोन आठवड्यांत वास आणि स्राव थांबतो. पोखरलेली गादी भरून यायला मात्र त्याहून पुष्कळ वेळ लागतो. वास गेला म्हणून सफाई सोडू नये.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट, धनुर्वात. त्याचे जंतू लिदेत आणि मातीत असतात आणि घोडा या आजाराला फार लवकर बळी पडतो. टापेच्या जखमेतून शिरकाव झाला तर घोडा वाचवणे कठीण होते. धनुर्वाताची लस दिलेली आहे ना, हे पावसाळ्याआधीच पाहावे.

होऊच नये म्हणून

ग्रीक सेनानी झेनोफॉन याने सुमारे 2400 वर्षांपूर्वी घोड्यांवर एक ग्रंथ लिहिला. ओल आणि गुळगुळीत जमीन चांगल्या टापेचाही नाश करते, म्हणून तबेल्याला उतार द्यावा आणि दगड बसवावेत, असे त्यात सांगितले आहे. आपल्याला आज वेगळे काही सुचवायचे नाही. उभे राहायच्या जागी मुरूम घालून ती आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करावी. मुताला वाहून जायला उतार आणि चर ठेवावा. लीद दिवसातून दोनदा उचलावी. खाली भुसा किंवा वाळकी पाचट टाकावी आणि भिजली की बदलावी. छपराची पागोळी आत येणार नाही हे पाहावे.

चारही टापा रोज एकदा, आणि कामावरून आल्यावर पुन्हा, उचलून पाहाव्यात. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवावे. उघडीप मिळाली की घोडा कठीण, कोरड्या वाटेने फिरवून आणावा.

घरात एक वही ठेवावी. टाप कधी साफ केली, नालबंद कधी आला, लस कधी दिली, याच्या नोंदी कराव्यात. बँकेतल्या माणसाची ही खोड समजा, पण नोंद असली की कंटाळा करता येत नाही.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ नसेल तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करता येते.

आमच्या त्या टांगेवाल्याला तेव्हा एवढे सांगणारे कोणी भेटले नाही. भेटलो ते आम्ही, आणि आम्ही नोटीस दिली. आपल्यापैकी कोणाच्या दारात घोडा असेल, शेजारी असेल, तर यंदाच्या पावसात एकदा त्याचा पाय उचलून वास घेऊन पाहा. नाकाला रुमाल लावू नका.