ड्राफ्टपूर्वीचे आडाखे

अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, हंगाम फेब्रुवारीत सुपर बोलने संपतो. एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट होतो. त्यात ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंमधून आपापले नवे गडी निवडतात. मधल्या अडीच महिन्यांत एकही सामना नसतो, पण चाहत्यांचे डोके याच काळात सर्वांत जास्त चालते. आपला संघ कोणाला घेणार, आपली पाळी येईपर्यंत कोण शिल्लक राहणार, वर सरकण्यासाठी संघ काय देऊ करणार, याची अटकळ बांधणे हा तिथे एक स्वतंत्र छंद आहे आणि त्याला त्याची शिस्तही आहे. सगळा ड्राफ्ट आधीच कागदावर मांडून पाहिला की त्याला मॉक ड्राफ्ट म्हणतात.

ड्राफ्ट हा लिलाव नव्हे. आयपीएलच्या लिलावात पैसा शिल्लक असेल त्याला बोली लावता येते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ज्याचा क्रमांक त्याची पसंती, आणि कोणत्या संघात जायचे हे खेळाडूच्या हातात नसते. भारतीय क्रिकेटरसिकांनीही ही पद्धत एकदा पाहिली आहे. २००८ च्या पहिल्या आयपीएलआधी १९ वर्षांखालील खेळाडूंचे वाटप ड्राफ्टने झाले. दिल्लीला विराट कोहली घेता आला असता. पण फलंदाज पुरेसे होते, गोलंदाज हवा होता, म्हणून दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतले आणि कोहली बंगळूरला गेला. गरज पाहायची की गुणवत्ता, हा अमेरिकी चाहत्यांच्या वादातला सर्वांत जुना मुद्दा त्या एका निवडीत पुरता दिसतो.

ही पद्धत सुचवली फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी. चांगले खेळाडू नेहमी श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जातात, तेव्हा सर्वांत तळाच्या संघाला पहिली निवड द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. खोलीतल्या फळ्यावर ९० नावे लिहिली होती आणि फेऱ्या नऊ होत्या. पहिली निवड ईगल्सनी केली ती जे बर्वांगर याची, आणि तो व्यावसायिक फुटबॉल एकही सामना खेळला नाही. चाहत्यांचा या सगळ्याशी तेव्हा काही संबंध नव्हता. १९८० मध्ये ईएसपीएन वाहिनीने ड्राफ्ट थेट दाखवायला घेतला, तेव्हा नावे पुकारण्याचा कार्यक्रम कोण पाहणार, अशी शंका लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनाच होती. १९८४ पासून त्या प्रक्षेपणात मेल कायपर दिसू लागले. शेकडो खेळाडूंची माहिती तोंडपाठ असलेला हा माणूस पाहून घराघरांतल्या चाहत्यांना हे काम आपल्यालाही जमेल असे वाटू लागले. २०२४ मध्ये डेट्रॉइटला तीन दिवसांत पावणेआठ लाखांहून अधिक लोक ड्राफ्टला हजर होते.

आडाख्यांचे काम खरे तर डिसेंबरातच सुरू होते. निवडीचा क्रम आदल्या हंगामातल्या कामगिरीच्या उलटा लागतो: बाद फेरी न गाठलेले १८ संघ आधी, मग बाद फेरीत ज्या क्रमाने हरले त्या क्रमाने बाकीचे, आणि सुपर बोलचा विजेता ३२वा. दोन संघांचा हिशेब सारखा झाला तर ज्याचे प्रतिस्पर्धी दुबळे होते त्याचा नंबर आधी लागतो. त्यामुळे ज्यांचा हंगाम वाया गेला आहे असे चाहते शेवटच्या आठवड्यांत स्वतःच्या संघाबरोबर दुसऱ्यांचेही निकाल पाहत बसतात. निरर्थक ठरलेल्या एका सामन्यात संघ जिंकला आणि त्यापायी तिसरा क्रमांक सातवर घसरला, तर त्या विजयाने निम्मे चाहते खट्टू होतात. खेळाडू मात्र हरण्यासाठी मैदानात उतरत नाहीत, आणि जाणता चाहता त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करत नाही.

क्रमांक ठरला की गरजांची यादी होते. ही यादी हा सगळ्या कामाचा पाया आहे, आणि चाहत्याची बुद्धी इथेच सर्वांत जास्त कसाला लागते. कोणत्या खेळाडूचा करार कधी संपतो, कोणाचे वय तिशीपलीकडे गेले आहे, कोणाचा गुडघा दोनदा शस्त्रक्रियेखाली आला आहे, हे सारे त्यात येते. वरून वेतनमर्यादा असते. २०२५ साठी ती प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. तिच्यात बसवायचे तर महागड्या अनुभवी खेळाडूची जागा कधीतरी स्वस्तातल्या नवख्याने भरावीच लागते. मार्चच्या मध्यास करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडला की यादी पुन्हा लिहावी लागते. संघाने डावा टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूच्या) पाठीचे रक्षण करणारा धिप्पाड गडी, बाजारातूनच आणला, तर ड्राफ्टमध्ये टॅकल घेण्याची शक्यता एका दुपारीत निम्म्यावर येते.

दुसरी बाजू खेळाडूंची. जानेवारीच्या शेवटी अलाबामातल्या मोबाइल गावी सीनियर बोलचा सराव होतो. तिथे छोट्या महाविद्यालयांतले खेळाडू मोठ्या महाविद्यालयांतल्या खेळाडूंसमोर उभे राहतात. फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला कॉम्बाइन भरते: ४० यार्ड धावणे, उभ्या जागेवरून उंच आणि लांब उडी, २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलता येते, आणि शरीराची मापे. २०२४ मध्ये झेवियर वर्दी ४० यार्ड ४.२१ सेकंदांत धावला. तो विक्रम ठरला आणि वर्दी पहिल्या फेरीत कॅन्सस सिटीकडे गेला. मापांवरून होणारे वाद मात्र धावण्याच्या वेळांपेक्षा लांबतात. २०२५ मध्ये लुइझियाना स्टेटचा टॅकल विल कॅम्बेल याचे हात कॉम्बाइनमध्ये साडेबत्तीस इंचांच्या किंचित वर भरले. टॅकलचे हात ३३ इंच तरी असावेत हा रूढ ठोकताळा. त्यामुळे कॅम्बेलला आत सरकवून गार्ड करावे लागेल की काय, यावर आठवडेच्या आठवडे खल झाला. न्यू इंग्लंडने चौथ्या क्रमांकावर त्याला घेतले आणि डाव्या टॅकलच्याच जागी खेळवले. अर्ध्या इंचाच्या फरकापुढे अनेक वर्षांचा प्रत्यक्ष खेळ विसरण्याची चूक चाहते वारंवार करतात, संघही करतात.

मार्चमध्ये महाविद्यालयांचे प्रो डे, म्हणजे संघांच्या निरीक्षकांसमोरचे सराव, होतात, आणि प्रत्येक संघाला ३० खेळाडू आपल्या मुख्यालयात भेटीला बोलावता येतात. कोण कुठे जाऊन आला याच्या नोंदी चाहते नेटाने ठेवतात. भेटीचा अर्थ लावणे मात्र अवघड. संघाला खेळाडू खरोखर हवा असतो, की दुखापतीची खात्री करून घ्यायची असते, की दुसऱ्या संघांची दिशाभूल करायची असते, हे बाहेरून कळत नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला २०२१ चा आहे. २६ मार्च रोजी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाने मायामीशी सौदा करून बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर उडी घेतली आणि बदल्यात २०२२ व २०२३ च्या पहिल्या फेरीच्या निवडी व तिसऱ्या फेरीची एक निवड दिली. एवढी किंमत फक्त क्वार्टरबॅकसाठी मोजली जाते, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पहिले दोन क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स आणि झॅक विल्सन आधीच जाणार, हेही जवळपास ठरलेले. उरले तिघे: अलाबामाचा मॅक जोन्स, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स आणि नॉर्थ डकोटा स्टेटचा ट्रे लान्स. चार दिवसांनी प्रशिक्षक काइल शॅनहन आणि महाव्यवस्थापक जॉन लिंच जोन्सचा सराव पाहायला अलाबामात गेले. त्याच दिवशी फील्ड्सचा सराव ओहायोत होता. झाले, जोन्सचे पारडे जड झाले. शॅनहनना वेळेवर आणि अचूक चेंडू टाकणारा क्वार्टरबॅक आवडतो, या जुन्या समजाला पुरावा मिळाल्यासारखे वाटले. पुढचा महिनाभर बहुतेक मॉक ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोन्सचे नाव होते. महाविद्यालयात जेमतेम १७ सामने सुरुवातीपासून खेळलेल्या लान्सवर कोणी तीन पहिल्या फेऱ्या लावील, हे अनेक चाहत्यांना पटत नव्हते. २९ एप्रिलच्या रात्री तिसरे नाव पुकारले गेले ते लान्सचे. फील्ड्स अकरावा गेला, जोन्स पंधरावा.

एकाच पुराव्यावर चाहत्यांनी किती ओझे टाकले होते, हे त्या रात्री उघड झाले. पण संघाचा निर्णयही टिकला नाही. २०२२ मध्ये त्याच संघाने अगदी शेवटच्या, २६२व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डीला घेतले. लान्सला दुखापत झाली, पर्डी खेळला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये लान्स चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला गेला. त्याच हंगामात पर्डीने संघाला सुपर बोलपर्यंत नेले.

अशा सौद्यांचा हिशेब करायला चाहत्यांकडे कोष्टक असते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना डॅलस काउबॉइजनी प्रत्येक क्रमांकाला गुण दिले: पहिल्याला ३०००, तिसऱ्याला २२००, बाराव्याला १२००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. म्हणजे बारावरून तिसऱ्यावर जायचे तर १००० गुणांची, जवळपास सोळाव्या निवडीइतकी भरपाई हवी. सॅन फ्रान्सिस्कोने पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या दिल्या, कारण पुढच्या वर्षीच्या निवडीचे मोल आजच्या बाजारात साधारण एका फेरीने कमी धरले जाते. आता सुधारित कोष्टके आली आहेत, तरी चाहत्यांच्या बोलण्यात जुनेच आकडे येतात.

पहिल्या फेरीचा मॉक मांडताना खरा पेच कुठे येतो, ते एक क्रमांक धरून पाहिले की कळते. समजा, संघ विसावा आहे आणि त्याला कॉर्नरबॅक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रिसिव्हरला अडवणारा, हवा आहे. चाहत्याला स्वतःच्या संघाची नस न् नस माहीत असते. पण विसाव्या क्रमांकावर कोण उरेल हे वरच्या १९ संघांवर अवलंबून, आणि त्यांच्याविषयीची माहिती वरवरची असते. वर क्वार्टरबॅक जास्त गेले तर इतर चांगले खेळाडू खाली ढकलले जातात. टॅकलची रांग लागली तर कॉर्नरबॅक उरतात. एखाद्याने मधूनच वर उडी घेतली तर सगळी साखळी तुटते. २०२४ मध्ये पहिल्या १२ निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले आणि पहिल्या १४ निवडींत बचावफळीतला एकही खेळाडू गेला नाही. पंधराव्या क्रमांकावरच्या इंडियानापोलिसला त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिला बचावपटू निवडता आला. त्या संघाच्या चाहत्यांनी महिनाभर ज्याचा विचारही केला नव्हता अशी संधी समोर आली होती.

म्हणूनच मॉक ड्राफ्टचे गुण मोजण्याची पद्धतही उदार आहे. खेळाडू पहिल्या फेरीत जाईल हे बरोबर निघाले तर एक गुण, संघही बरोबर असेल तर आणखी दोन. म्हणजे ३२ निवडींचे मिळून ९६ गुण. हा धंदा वर्षभर करणाऱ्यांनाही निम्मे गुण मिळवताना नाकी नऊ येतात. २०२३ मध्ये एका निनावी अफवेने केंटकीचा क्वार्टरबॅक विल लेव्हिस पहिलाच जाणार अशी हवा केली आणि सट्टाबाजारातले भाव रातोरात हलले. लेव्हिस पहिल्या फेरीत गेलाच नाही, ३३वा गेला. २०२५ मध्ये अनेकांच्या पहिल्या फेरीत असलेला शेडूर सँडर्स पाचव्या फेरीत १४४वा गेला.

अंदाज चुकल्याची खंत वेगळी आणि त्याचा राग वेगळा. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, रिकी विल्यम्स हवा होता. एका रेडिओ कार्यक्रमाच्या सूत्रधाराने तीसेक चाहते बसमधून न्यूयॉर्कला आणले होते. दुसऱ्या क्रमांकावर ईगल्सनी क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबचे नाव घेताच त्यांनी हुर्यो उडवली. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी २२ वर्षांच्या मुलाला ते ऐकावे लागले, आणि ते अन्यायाचेच होते. पुढे मॅकनॅब सहा वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघ सुपर बोल खेळला. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सने त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या होत्या.

संघांचे तज्ज्ञ तरी किती अचूक असतात, हे केड मॅसी आणि नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी तपासले. एकाच जागेवर खेळणाऱ्यांपैकी आधी निवडलेला खेळाडू त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना जेमतेम ५२ टक्के आढळले. लाखो डॉलर पगार घेणाऱ्या निरीक्षकांची ही गत असेल, तर घरी बसून चित्रफिती पाहणाऱ्या चाहत्याच्या चुकीला फारसे हसता येत नाही. चुकांना दिशा मात्र असते: संघ आपल्या अंदाजावर वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात आणि वर सरकण्यासाठी जास्त मोजतात. जाणते चाहते म्हणूनच खाली सरकून निवडी वाढवण्याच्या बाजूने असतात.

शनिवारी सातवी, म्हणजे शेवटची, फेरी संपली की न निवडलेल्या खेळाडूंना संघांचे फोन जातात, आणि चाहत्यांची ती यादीही तयार असते. कर्ट वॉर्नर १९९४ मध्ये असाच कोणी न घेतलेला खेळाडू होता आणि पुढे त्याने सुपर बोल जिंकला. त्याच रात्री संघांना श्रेणी दिल्या जातात, जरी खेळाडूचा कस कळायला किमान तीन वर्षे जातात. दोन-तीन दिवसांत पुढच्या वर्षाचे मॉक येऊ लागतात. त्यांतला क्रम निव्वळ अंदाजाचा असतो. पक्की असते ती एकच गोष्ट, सौद्यांत आधीच हात बदललेल्या निवडी कोणाकडे आहेत त्यांची यादी, आणि नवे काम तिच्यापासून सुरू होते.