समुद्रकाठचे घर सोडताना

हर्सूलच्या श्रोत्यांपुढे समुद्राचे बोलणे काहीसे चमत्कारिक वाटेल. पण खेड्यातले घर सोडून शहराच्या आश्रयाला आलेली कुटुंबे आपल्याकडे थोडी नाहीत. तेव्हा कोकणपट्टीवरचा माणूस घर कसे सोडतो, हे समजून घेणे आपल्याला जड जाऊ नये.

दापोली तालुक्यातील मुरूड हे गाव घ्या. पुढे समुद्र, मागे डोंगर, त्यापलीकडे सह्याद्री. जुन्या काळी मुंबईचा सोयीचा रस्ता पाण्यावरूनच, आणि तो मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बहुतेक बंद. दुखणे असो, बाळंतपण असो की परीक्षा असो, त्या दिवसांत माणूस गावात कोंडलेला. कोकणी माणसाने दारिद्र्यामुळे गाव सोडले असे आपण म्हणतो. ते खरेच आहे, पण या कोंडीचा हिशेबही त्यात धरला पाहिजे.

महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरूडचे. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, परीक्षेसाठी ते सोबत्यांसह पावसाळ्यात डोंगर-घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल पायी गेले. आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही! पुढे शिक्षणासाठी मुंबई आणि १८९१ पासून नोकरीसाठी पुणे झाले. तरीही गाव सुटले नव्हते. ‘मुरूड फंडा’साठी त्यांची खटपट चालूच होती. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मात्र गावाने बहिष्कार घातला आणि आईच्या घरी जाणेही अवघड झाले. गाव सोडण्याचा निर्णय माणूस एकटाच करतो असे नाही. कधी गावही तो करते.

एरवी किनाऱ्यावरचे घर सहसा विकत नाहीत. देवाजवळ दिवा लावायला, नारळी-पोफळीची वाडी शिंपायला कोणी तरी मागे राहते, बहुधा म्हातारी आई किंवा धाकटा भाऊ. खरी अडचण तो माणूस गेल्यावर येते. कौलारू घर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागते, जशी आपल्याकडच्या धाब्यावर माती टाकावी लागते. एक कौल सरकले की पाणी वाशात मुरते. मग वाळवी, मग भिंत. चूल पेटत नाही त्या घराला चार पावसाळेही भारी पडतात. म्हणून निघणाऱ्याने भाडे, शाळा, नोकरी यांच्याबरोबर घर कोण शाकारणार हेही आधी ठरवावे, असे मला वाटते. ते न ठरवता लावलेले कुलूप म्हणजे घर मोडण्याचाच निर्णय होय, फक्त सावकाशीचा.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. पण ती आतल्या बाजूने गेली. मुरूडला जाणारा आजही खेडला उतरून पुढे मोटारीने जातो. गणपतीत बंद घरे उघडतात, आणि ओटीवर सामान ठेवण्याआधी घरधनी मान वर करून आढ्याकडे पाहतो.